सी ब्लॉकची पाळी

"हुकूम एकाच तोंडातून निघाला पाहिजे," असं रत्नाकरराव सोनटक्के दिवसातून पाच वेळा म्हणत. लिफ्ट अडकलेली असो की पाण्याचा टँकर आलेला नसो, आधी हे वाक्य, आणि मग ते तोंड कोणाचं हे कळावं म्हणून स्वतःच्या छातीवर टेकवलेलं बोट.

माणूस मूळचा पारनेरकडचा. बाविसाव्या वर्षी चेन्नईत एका संरक्षण कारखान्यात लागला आणि चौतीस वर्षं तिथल्या भांडारात बसला. सहीच्या चिठ्ठीशिवाय त्यांनी कोणाला वायसरसुद्धा दिला नाही. एकदा भांडाराच्या दारातच ठिणगी पडून गोणपाट पेटलं. आग विझवायचं नळकांडं मागायला फिटर धावत आला, तर यांनी त्याच्याकडे चिठ्ठी मागितली. गोणपाट आपसूक विझलं म्हणून बरं. ही गोष्ट दुसरा कोणी लाजून लपवील. हे ती पाहुण्यांना चहाबरोबर सांगत.

निवृत्तीनंतर ते चेन्नईतल्याच वेलचेरीत आमच्या संकुलात राहायला आले. तीन ब्लॉक, अठ्ठेचाळीस घरं. कार्तिक सरला की इथे पाणी घरमालकासारखं येतं, आधी तळमजला पाहतं आणि मग जिना मोजतं. म्हणून एका वर्षी कोणीतरी आपत्तीच्या कामाचं दोन दिवसांचं शिबिर भरवलं. त्यात शिकवलेलं सगळं शहाणपणाचं होतं. एक प्रमुख असावा, त्याच्या हाताखाली कामं वाटलेली असावीत, बोट, दोर, औषधं एका जागी गोळा व्हावीत आणि तिथून गरज पाहून निघावीत. विहीर गोड होती. पण फुटक्या पोहऱ्याने काढलं तर काठावर येतं ते थेंबभरच. रत्नाकररावांनी त्यातून आणली ती पिवळी जाकिटं, पांढरं हेल्मेट आणि एक फळा. फळ्यावर एकोणीस पदं, आणि स्वतःच्या जाकिटाच्या पाठीवर 'कमांडर'. दोर मात्र संकुलात एकच, तोही गच्चीवर कपडे वाळवायचा.

पदं त्यांनी वाटली तीही ऐका. आशिष नावाचा एक जण दवाखान्यांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, म्हणून तो वैद्यकीय प्रमुख. आणि हेमलताबाई, ज्यांनी रेल्वेत नर्स म्हणून बत्तीस वर्षं अपघाताच्या मदतगाडीबरोबर हाडं मोडलेली माणसं उचलली, त्यांच्याकडे मेणबत्त्या.

डिसेंबरात वादळाचा पाऊस दोन दिवस कोसळला. दुसऱ्या सकाळी आवारात कमरेएवढं पाणी होतं, वीज नव्हती, फोन मुके झाले होते. सी ब्लॉकच्या तळमजल्यावरच्या विजयलक्ष्मीबाईंना शेजाऱ्यांनी खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातल्या त्या निवृत्त शिक्षिका. मूत्रपिंडं निकामी झालेली, एक दिवसाआड डायलिसिस. आदल्या दिवशीची पाळी पावसात बुडाली होती. पाय सुजून उशीसारखे झाले होते आणि श्वास करवतीसारखा वाजत होता. हेमलताबाईंनी त्यांच्या छातीला कान लावला आणि विजयलक्ष्मीबाईंच्या मुलाला, गुंडोला, म्हणाल्या, "दुपारच्या आत पोचवायला हवं. नाहीतर आपल्या हातात काही राहणार नाही."

नऊ वाजता किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला मुरली आपली बोट घेऊन आला. बोलावलं कोणी नव्हतं; लॉरीवर बोट टाकून तो आणि त्याचा भाऊ निघाले होते, जिथे पाणी दिसेल तिथे उतरत होते. रत्नाकररावांनी ती बोट ए ब्लॉकच्या जिन्याला बांधून ठेवली. जिन्यावर टेबल, टेबलावर फळा आणि कॉफीचा थर्मास.

गुंडो पाणी कापत तिथे आला. "सार, अम्माला श्वास पुरेना. बोट पाठवा."

"पाळी ए, बी, सी अशी आहे. तुमचा सी."

"ए मध्ये कोण आजारी आहे, सार?"

"कोण आजारी हे वैद्यकीय प्रमुख ठरवणार. आशिषची चिठ्ठी आणा."

"अय्यो! आशिष बंगळुरात आहे, मेव्हण्याच्या लग्नाला!"

"ती त्यांची चूक. मी नोंद करून ठेवतो."

आणि खरंच त्यांनी नोंद केली. गुंडोसमोर, सावकाश, वळणदार अक्षरात.

तासभर मुरली बसून राहिला. बोटीत ए ब्लॉकमधल्या चार धडधाकट माणसांची नावं लिहून त्यांना चढवणं चाललं होतं, आणि त्यांच्या आधी दोन सुटकेसी चढल्या होत्या. तोवर गुंडो रिकाम्या हाताने परतला होता. त्याचा चेहरा पाहून हेमलताबाईंनी पदर खोचला आणि त्या स्वतः पाण्यात उतरल्या.

"रत्नाकरराव, शिबिरात मी तुमच्या मागच्याच रांगेत होते. एखादं पद रिकामं असलं तर ते काम कोणाच्या अंगावर येतं?"

रत्नाकररावांनी फळ्याकडे पाहिलं.

"फळ्यावर नाही ते. वरच्याच्या अंगावर येतं. आशिष नाही, म्हणजे वैद्यकीय प्रमुख तुम्हीच. आता बोला, बाई आजारी आहेत की नाहीत?"

"तुम्ही पुरवठ्यात आहात, हेमलताबाई. हे तुमच्या कक्षेत येत नाही."

"रुळावरून घसरलेल्या डब्यापाशी पहिला पोचेल तो हुकूम देतो. जाणता आला की त्याच्या हाती सोपवून बाजूला होतो. सोपवा."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

रत्नाकररावांनी टेबलावरून कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

माणूस किती लहान असू शकतो हे पाहायला एवढं पाणी यावं लागलं.

मुरलीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. त्याने तमिळमध्ये एवढंच विचारलं, आजारी कोण आहे? हेमलताबाईंनी सी ब्लॉककडे बोट केलं. त्याने दोन्ही सुटकेसी उचलून जिन्याच्या पायरीवर ठेवल्या, चौघांना हात धरून उतरवलं आणि म्हणाला, "एरुंग, अम्मा." चढा. रत्नाकररावांनी शिटी फुंकली, गाल लाल होईपर्यंत फुंकली. शिटीने गुरं वळतात. बोट वळली नाही.

विजयलक्ष्मीबाई खुर्चीसकट बोटीत बसल्या आणि साडेअकराला रुग्णालयात पोचल्या. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून, निम्म्या होऊन, घरी आल्या.

जानेवारीत संकुलाच्या पार्किंगमध्ये सत्काराचा कार्यक्रम झाला. सत्कार रत्नाकररावांचा, आयोजकही रत्नाकरराव. अहवालात त्यांनी लिहिलं होतं, 'अत्यवस्थ रुग्ण सुखरूप हलवला, आदेश कमांडर.' शाल आणि नारळ त्या रुग्णाच्याच हातून घ्यायचा त्यांचा बेत होता. गुंडो आईला हाताला धरून घेऊन आला. बाईंना खुर्चीवर बसवून शाल त्यांच्या मांडीवर ठेवली गेली. रत्नाकरराव पुढे येऊन खांदा किंचित वाकवून उभे राहिले.

"त्या मुरलीला बोलावलंत का?" बाईंनी विचारलं.

"त्याची आपल्याकडे नोंद नाही."

"आणि हेमलता?"

"त्यांना शिस्तभंगाची नोटीस दिली आहे. चौकशी पूर्ण होईपर्यंत..."

"बरं." विजयलक्ष्मीबाईंनी शालीची घडी मोडली, ती नीट झटकली आणि स्वतःच्या पायांवर पांघरली. "वारं गार सुटलंय." नारळ त्यांनी गुंडोच्या हातात दिला. "घरी ने रे. उद्या इडली आहे."

कोणी हसलं नाही. हसले असते तर रत्नाकररावांना निदान शिटी फुंकता आली असती. वाकवलेला खांदा तसाच ठेवून ते जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी टेबलावरचा अहवाल उचलला, त्याचे कोपरे जुळवले, हेल्मेट काखेत घेतलं आणि दोन रांगांच्या मधल्या वाटेने ए ब्लॉककडे चालू लागले. पिवळ्या जाकिटाच्या पाठीवरची अक्षरं लांबवरूनही वाचता येत होती. रखवालदार पाहत होता, विजयलक्ष्मीबाई पाहत नव्हत्या. पहिल्या रांगेत रत्नाकररावांची बायको नीलम बसली होती. ती शेवटपर्यंत पाहत राहिली, आणि जागची उठली नाही.