‘काय न्हाय’ न मानणाऱ्या वसुधाताई

डॉ. वसुधाताईंची आणि माझी पहिली ओळख बोलणी खाऊनच झाली. त्यांच्या राजारामपुरीतल्या प्रसूतिगृहात मी परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सातव्या महिन्यातल्या संगीताचे वजन, रक्तदाब पाहून मी विचारले, “काय त्रास?” ती म्हणाली, “काय न्हाय.” मी केसपेपरवर ठसठशीत अक्षरात ‘तक्रार नाही’ लिहून मोकळी झाले.

ताईंनी ते खोडले. “अगं, आपल्याकडे ‘काय न्हाय’ म्हणजे अजून कुणी नीट विचारलं न्हाय!” मला रागच आला. बाळ हलतेय, वजन वाढतेय, आणखी काय हवे?

संगीता नेसरीची लेक, नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. सोबतच्या सासूबाई आक्काताई तिची उत्तरेही स्वतःच देत. पेशंटला एकटीने बोलता यावे म्हणून सोबत आलेल्या बाईचा रक्तदाब दुसऱ्या खोलीत तपासायचा, हा ताईंचा शिरस्ता. थोरल्या सिस्टर आक्काताईंना घेऊन गेल्या. ताई स्टुलावर बसल्या. डोहाळ्यांबद्दल अवाक्षर नाही. विचारले एवढेच, “भ्या कशाचं वाटतंय, बाळा?”

संगीता पदराशी चाळा करत म्हणाली, “पयलं पोटातच गेलं. ह्येबी गेलं तर? त्यापरीस मीच न्हाय ऱ्हायले तर बरं की.”

माझ्या त्या ‘तक्रार नाही’मुळे ही पोर तशीच घरी गेली असती. ताई मात्र दचकल्या नाहीत, ‘असं बोलू नये’ असेही म्हणाल्या नाहीत. “सांगितलंस, लई बरं केलंस. आता तू एकटी न्हाईस.” तिला विचारूनच त्यांनी घरच्यांना विश्वासात घेतले. बाहेर रांग असताना तिला स्वतः मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या, पुढे दर आठवड्याला बोलावत राहिल्या. मी नुसती थक्क होऊन पाहत होते. आजही ते आठवले की हात जोडले जातात.

पुढे काही वर्षांनी मला दिवस गेले, तेव्हाही ताई रोज चौकशी करत. एकदा ‘काही नाही’ म्हणता म्हणता मीच रडू लागले. इतकी वर्षे दुसऱ्यांना विचारणारी मी! ताईंनी हसून रुमाल पुढे केला आणि अर्धा तास ऐकत बसल्या.

संगीताला त्या खेपेला सुखरूप मुलगी झाली. सव्वा महिन्याने आक्काताई नातीला दाखवायला आल्या. पेढे वाटून झाले, निघाल्या आणि दारातच थबकल्या. “बाई, माजी तीन बाळंतपणं झाली. आसं कुणी इचारलंच न्हाय वो.”

ताईंनी पुढच्या पेशंटला थांबायला सांगितले, आक्काताईंना हाताला धरून आत आणले आणि खुर्ची पुढे केली. “बसा. आत्ता सांगा.”

ताईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. आई अंबाबाई त्यांना ठणठणीत प्रकृतीसह शंभरी पार करू देवो. बोलायच्या राहून गेलेल्या आक्काताई अजून घरोघरी आहेत.