बापूंची द्राक्षवही

बापू गेल्याची बातमी मला सौदीतल्या जुबैलमध्ये, कंपनीच्या बसमध्ये कळली. सकाळची पाळी होती. बस कॅम्पच्या फाटकातून बाहेर पडत असताना त्यांची मुलगी सायली हिचा मेसेज आला, बाबा काल बागेत छाटणी करताना गेले. मी मोबाइल खिशात ठेवला आणि प्लांट येईपर्यंत खिडकीकडे बघत राहिलो. तिच्यावरच्या धुळीत बापूंनी कितीदा तरी बोटाने एका देशाचा नकाशा काढून दाखवला होता... जॉर्जियाचा. पाच आठवड्यांनी सायलीचा फोन आला. "काका, बाबांची द्राक्षांची वही तुमच्याकडेच आहे ना?" मी म्हणालो, "शोधतो." त्या वहीचं काय झालं हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही मी 'शोधतो' म्हणालो. म्हणून आज हे लिहायला बसलोय.

बापू तासगावकडचे, पाइप फिटरांचे फोरमन. मी चिपळूणचा. आम्ही सहा वर्षं एका खोलीत काढली. माझं काम कागदांचं. प्लांटच्या पाइपांच्या नकाशांना नंबर लावायचे, नवे आले की जुने यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करायच्या. बापू सौदीला येण्याआधी तीन वर्षं जॉर्जियात होते, डोंगरातल्या एका बोगद्याच्या कामावर. तिथे एका म्हातारीच्या घरी भाड्याने राहायचे. तिचं नाव नाना. "आमच्याकडं नाना म्हंजे मिशीवाला, आन् ही मिशीबिगरची नाना," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. तिची द्राक्षबाग होती आणि बापू द्राक्षवाल्याच्या पोटचे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी कात्री त्यांच्या हातात आलीच. आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी, तिथे बर्फात वेल झोपते म्हणून एकदाच, याचं त्यांना भारी अप्रूप होतं.

बसच्या काचेवर ते वर डोंगरांची ओळ काढायचे. उजवीकडे काखेती. तिथे वाइनसाठी द्राक्षं सालीबियांसकट जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणात घालतात, वरून झाकण लिंपतात आणि पुढे महिनोन्महिने त्याकडे फिरकत नाहीत. डावीकडे इमेरेती, तिथे साली थोड्याच घालतात, म्हणून वाइन हलकी. आणि वर अगदी डोंगराच्या कुशीत राचा. तिथल्या अलेक्सांद्रौली द्राक्षाची वाइन गोड राहते, कारण थंडी पडली की आंबायचं काम मध्येच थांबतं. र्कात्सितेली जातीच्या द्राक्षाचा देठ तांबूस. सापेरावीचा नुसता रस नाही, गरसुद्धा लाल. तोडणाऱ्याचे हात चार दिवस धुतले जात नाहीत. हे सगळं सांगणाऱ्या माणसाने जन्मात दारूचा थेंब घेतला नव्हता. "मला पिऊन काय करायचंय? मला येल कळली पायजे," म्हणायचे. हे सारं त्यांनी एका जाड वहीत उतरवलं होतं. प्रत्येक जातीचं पान कागदाखाली ठेवून वरून पेन्सिल घासायची, पोरं नाण्याचे ठसे काढतात तसे. शिरा न् शिरा उमटलेल्या. सायली शेतीच्या कॉलेजला जाणार होती. वही तिच्यासाठी होती.

एका शुक्रवारी बापू दोस्तांबरोबर हुफूफला खजुराच्या बागा बघायला गेले होते. कॅम्पमध्ये आवई उठली की शेजारच्या कॅम्पात कुणी चोरून दारू गाळताना सापडलाय आणि आता आपल्याकडे झडती येणार. बायको-मुलाला आणायचा माझा व्हिसा त्याच महिन्यात व्हायचा होता. मला ती वही आठवली. पानोपानी रांजण, झाकणं, आंबवण्याची कृती. बापूंचं कपाट उघडलं, वही घेतली, ऑफिसात गेलो आणि रोज करतो तेच काम केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पानांच्या शिरांचे ते ठसे यंत्रात जाताना मी बघितले, आणि थांबलो नाही. दुपारी झडती झाली. तपासणारे आले, एक जादा शेगडी उचलून गेले. कागदाला कुणी हात लावला नाही. आणि लावला असता, तरी ते मराठी वाचणार कोण होतं?

संध्याकाळी बापूंनी कपाट उघडलं. मी म्हणालो, "झडतीवाल्यांनी नेली." तोंडातून इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी बापू कॅम्प बॉसकडे गेले, मलाही बरोबर घेऊन. बॉस केरळचा, हिंदीत म्हणाला, "बापूजी, नोटबुक तो किसीने नहीं लिया. सिर्फ चूल्हा लिया, ये लिस्ट देखो." बापूंनी लिस्ट पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. परत येताना वाटेत म्हणाले, "मोहन, तुझं अक्षर बरं हाय. म्या सांगतो, तू लिही. पानाच्या ठशाला जागा सोड."

मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. नवी वही आणली. आठ पानं झाली. मग माझं बिऱ्हाड आलं, मी फॅमिली क्वार्टरमध्ये गेलो, ओव्हरटाइम वाढला. बापू दर शुक्रवारी फोन करायचे, "येऊ का?" मी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी. गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. विमानतळावरही त्यांनी वहीचं नाव काढलं नाही.

काल मी सायलीला फोन करून सगळं सांगितलं. यंत्र, झडती, खोटं. ती म्हणाली,

"पण काका, मी ती वही विचारतच नव्हते. ती झडतीत गेली असं बाबांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मी तुम्ही लिहिताय ती विचारत होते. बाबा सांगायचे, मोहन लिहितोय, अक्षर छापल्यासारखं आहे, घाई करू नको."

बापूंनी माझं खोटं सांभाळलं होतं. आणि वर, मोहन लिहितोय, असं माझ्या नावावर एक काम ठेवलं होतं, जे मी कधी पुरं केलंच नाही. मी म्हणालो, "आठच पानं आहेत गं." ती म्हणाली, "पाठवा."

वही आत्ता माझ्यासमोर आहे. आठव्या पानावर माझ्या अक्षरात 'राचा, अलेक्सांद्रौली' असा मथळा आहे आणि त्याखाली पट्टीने आखलेला एक चौकोन. ऑफिसातल्या सवयीप्रमाणे मी त्यात लिहून ठेवलंय, 'येथे पान'. मी आज वही पाकिटात घातली, वर सायलीचा पत्ता लिहिला... आणि पाकीट पुन्हा उघडून त्या रिकाम्या चौकोनावर बोट फिरवून पाहिलं. कागद गुळगुळीत होता.