लाईनवर असतात

आमच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या तपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्यासमोर बसावं लागतं. मी समुपदेशक. वय किती, शिक्षण किती, लग्न झालंय का, नवरा काय करतो, घरी असतो की बाहेरगावी, सगळं विचारते आणि त्यावरून कुणाला पुन्हा बोलवायचं ते ठरवते. माणूस खुर्चीत टेकायच्या आत मी त्याला ओळखते, असा माझा तोरा होता.

ती आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. विशीतली, नववी शिकलेली. माहेर खाडीपलीकडे दिवेआगरला, सासर आमच्या बाजूला. गरोदर बाईची ही तपासणी होतेच, तशी तिचीही करायची होती. नवरा काय करतो विचारलं तर लाजून म्हणाली, "लाईनवर असतात."

मी भातशेतीच्या गावातली. आमच्याकडे लाईन म्हणजे विजेची. वादळात खांब आडवे झाले तेव्हा लाईनवरच्या माणसांना आम्ही घरोघरी जेवू घातलं होतं. मी बेधडक लिहून टाकलं, वायरमन. कायमची नोकरी, रोज घरी येणारा माणूस, काळजीचं कारण नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला. "काही नाही, निर्धास्त जा," म्हटलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

नवरा महिना महिना बाहेर असला, तर बाईला शेवटच्या महिन्यांत पुन्हा तपासायचं असतं. नवऱ्यालाही बोलवायचं असतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

सातव्या महिन्यात ती माहेरी गेली. बाळंतपणाच्या वेळी तिकडे पुन्हा रक्त तपासलं, ते पॉझिटिव्ह निघालं. बाळाला जन्मल्यापासून औषध सुरू झालं, आणि दीड महिन्यानंतरचा त्याचा रिपोर्ट चांगला आला. देव पावला म्हणायचं ते तेवढ्यापुरतंच. ती सासरी परतली आणि औषधासाठी माझ्यासमोर येऊन बसली. मी जुना फॉर्म काढला. "मालक खांबावर चढतात ना?"

त्याही दिवशी तिला हसू आलं. "खांबावर? ट्रेलर चालवतात ते, मॅडम. लाईनवर म्हंजे लांबच्या फेरीवर. म्हयना म्हयना घरी न्हाय येत."

फॉर्मवरच्या माझ्या 'वायरमन' या शब्दावर मी हात ठेवला. तिला कळू नये म्हणून मी उगाच ड्रॉवर उघडला.

आठवड्याने ती सासूला घेऊन आली. बाळ सासूच्या मांडीवर. मी समजावीन म्हणून तिनेच आणलं होतं. नवरा तपासून घ्यायला तयार नव्हता. सासूने पहिल्या तपासणीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"आमच्याकडं होती तवा बरी होती. म्हायेरी गेली नि ह्ये घेऊन आली. तुमचाच कागद हाय. खोटा हाय का, सांगा."

कागद खोटा नव्हता, अपुरा होता. लागण नवी असली तर काही आठवडे तपासणीत दिसत नाही. त्यानंतरही चार महिने ती सासरीच होती, नवरा येऊन-जाऊन होता. या कागदावरून माहेराला बोल लावता येत नाही, तिला मी पुन्हा बोलवायला हवं होतं, चूक माझी. एवढंच बोलायचं होतं. माझी नोकरी वर्षावर्षाच्या करारावर आहे. पण खरं सांगते, नोकरीपेक्षा लाज आडवी आली. मी म्हटलं, "ही माहिती गोपनीय असते."

सासूला हवं ते उत्तर मिळालं. तिने नातवाला छातीशी धरलं. "पोर आमचं. त्याला काय न्हाय झालेलं. ही जाऊ दे तिच्या घरला."

"मॅडम, तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. मी तिला प्यायला पाणी दिलं. काय दिलं, तर पाणी!

ती माहेरी राहू लागली. दर महिन्याला तिकडच्या दिघी बंदरातून फेरीबोट धरून औषधाला यायची. पहिल्या खेपेला तिचा पदर दुधाने ओला होता. दूध आटायला काही मिळेल का, असं तिने हळूच विचारलं. बाळाची सहाव्या महिन्यातली तपासणी आमच्याकडेच व्हायची होती. ती तारीख तिने दोनदा विचारून घेतली. मी सासरी फोन केला, सासू "आणतो" म्हणाली.

त्या दिवशी ती दवाखाना उघडायच्या आधीच आली. नवं झबलं आणलं होतं. बाहेरच्या बाकावर बसली. दोन वाजले, चार वाजले. मी फोनवर फोन लावले, कुणी उचलला नाही. मधल्या वेळात मी तीनदा दारापर्यंत गेले. तिच्याजवळ बसून सगळं सांगायचं ठरवलं होतं. तीनदा परत आत आले.

शिपाई खिडक्या लावू लागला तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, माझीच तारीख चुकली का हो?"

"नाही," मी म्हटलं. "तारीख बरोबर आहे."