उघडी सोंगटी

माझे मोठे काका बहारीनला एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नव्वदच्या दशकात ते दर मे महिन्यात आमच्या गावी, कापड्याला यायचे आणि बॅगेत कपड्यांच्या घड्यांखाली एक लाकडी पेटी आणायचे. ती उघडली की तिचाच पट व्हायचा. पुस्तकात या खेळाला बॅकगॅमन म्हणतात. काका तिकडच्यासारखं ‘तावला’ म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या, दोन फासे, आणि उलट दिशांनी त्या आपापल्या घरात नेऊन पटाबाहेर काढायची धडपड; आधी सगळ्या काढील तो जिंकला. एका खणात दोन सोंगट्या असल्या की त्यांना धक्का नाही. एकटी असली की ती उघडी. समोरच्याने मारली, तर तिला पटाबाहेर जाऊन पार त्याच्या घरातल्या सहा खणांपैकी फाशाच्या आकड्याच्या खणातून पुन्हा निघावं लागतं.

दुपारची जेवणं झाली की काका पडवीत पेटी उघडायचे आणि येईल त्याला हरवायचे. आमच्या गावाचं चुकायचं ते एकाच ठिकाणी. सगळे लहानपणापासून कापडी पटावर कवड्यांनी खेळलेले. त्या खेळात जुग धरून चालायचं, सोंगटी एकटी सोडायची नाही, हे हाडांत मुरलेलं. तावल्यातही आम्ही जोड्या कवटाळून बसायचो. मग पुढे जागाच उरायची नाही आणि शेवटी नको तिथे जोडी फोडावी लागायची. काका त्याचीच वाट बघत बसलेले असायचे. जिंकले की झाकण लावायचे. एका माणसाशी एका दिवशी एकच डाव. परत मांडू या, असं ते कधी कोणाला म्हणाले नाहीत.

मी तेव्हा महाडला हायस्कुलात गणित शिकवत होते. सलग सात मे महिने मी हरले. सातव्या वर्षी काका जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, “मास्तरीण हाय ना, हिला फळ्यावरचीच गणितं येतात.” सगळे हसले. मला इतका राग आला की ताटातला आमरस तसाच ठेवून मी उठले. आमरस ठेवून उठणं आमच्या घरात कोणाला माफ नव्हतं, पण मी उठले.

त्या जूनपासून मी एक वही सुरू केली. शनिवारी महाडहून पोलादपूरला आणि पुढे गावाला जाताना एसटीत मांडीवर वही ठेवून फाशांचे छत्तीस प्रकार मांडायचे. सोंगटी किती लांब असली की किती प्रकारांनी मरते, ते लिहायचे. शेजारच्या बाईला वाटायचं, मी पेपर तपासतेय. पहिली काही पानं नुसती मरण्याचीच भरली. नंतर कळलं की मी अर्धंच गणित करत होते. सोंगटी मरेल का, एवढंच विचारून भागत नाही. मेली तर माझं किती बिघडेल, हेही विचारावं लागतं. काकांच्या घरातले सगळे खण बंद असतील, तर मेलेली सोंगटी परत येणार कुठून? तेव्हा गप्प जोडी धरावी. त्यांचं घर मोकळं असेल, तर एखादी मेली तरी ती उठून चालू लागते. तेव्हा मात्र घाबरायचं कारण नाही. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं.

पुढच्या वर्षी काका आले ते नोकरी संपवूनच. डोळ्यांत काचबिंदू. सोंगट्या दिसत होत्या, पण फाशांवरचे ठिपके दिसत नव्हते. डॉक्टरांनी म्हणे सांगितलं होतं की आता नजर उतरतच जाणार. म्हणजे मला हाच महिना होता. पुढच्या वर्षी पट न दिसणाऱ्या माणसाला हरवून मी काय मिळवणार होते? फासे ते टाकायचे, आकडे मी वाचायचे.

सुट्टी संपत आली तेव्हाचा तो डाव. मी मागे होते. माझ्या घरात त्यांची एक सोंगटी अडकलेली. मला पाच-तीन पडलं. सुरक्षित चाल होती, पण तिने माझ्या जोड्यांची फळी मोडली असती. दुसऱ्या चालीने त्यांच्या सोंगटीपुढे सलग पाच खणांची भिंत उभी राहत होती, मात्र भिंतीच्या पलीकडे माझी एक सोंगटी उघडी पडत होती. मी मोजलं. भिंत आड असल्यामुळे ती मारायला त्यांना सहा-एकच हवं होतं, छत्तीसांतले दोन प्रकार. त्यांच्या घरात तीन खण मोकळे होते आणि चार आकड्याच्या खणात त्यांचीच एक सोंगटी एकटी होती. मी सोंगटी उघडी ठेवली.

काकांनी फासे टाकले. सहा आणि एक.

पडवीत दुसरं कोणी नव्हतं. पाच-एक म्हटलं असतं तरी त्यांना कळलं नसतं. तो विचार मनात आला नाही, असं मी म्हणणार नाही. चांगला आला, आणि थोडा वेळ थांबलासुद्धा.

“सहा-एक,” मी म्हटलं.

त्यांनी माझी सोंगटी उचलून बाजूला ठेवली. लाल शाई माझ्या डोळ्यांसमोर होती. मी फासे टाकले. चार आणि दोन. चाराने माझी सोंगटी त्यांच्या घरात शिरली ती त्यांच्या त्या एकट्या सोंगटीला मारूनच. ती माझ्या भिंतीमागे जाऊन अडकली आणि मी दार सोडलं नाही. अर्ध्या तासाने माझी शेवटची सोंगटी पटाबाहेर आली.

काका झाकणावर हात ठेवून बसले होते.

“सहा-एकच्या जागी काय पण सांगितलं असतंस गो,” ते म्हणाले. “मला कुठं दिसतंय?”

“मग मी कोणाला हरवलं असतं, काका?”

त्यांनी झाकणावरचा हात काढून घेतला.

“मांड परत.”

मी मांडला. तो डाव ते जिंकले, आणि मला पूर्वीइतकाच राग आला.