बोबडी बोटं

तिचं आणि मिस्त्रीचं जमलं ते शिव्यांवरून. दोघं एकाच फर्निचरच्या कारखान्यात कामाला. तो सोफ्यांचे सांगाडे बनवायचा, ती त्यांच्यावर फोम चढवून कापड ताणायची. यंत्रांचा गोंगाट एवढा, की शेजारच्या माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय काम होत नसे. मिस्त्रीला त्याचं काहीच नव्हतं. तो जन्माचा बहिरा. शेडच्या त्या टोकावरून या टोकाला हातांनी बोलायचा, आणि सुपरवायझरची पाठ वळली रे वळली की त्याची चाल, त्याचं पोट, त्याची नाक शिंकरायची तऱ्हा, सगळं हवेत उभं करायचा. ती हसून हसून वाकायची. मग तिला उलट उत्तर द्यावंसं वाटायला लागलं, म्हणून ती शिकली. पहिल्या महिन्यात तिला खुणांच्या भाषेत 'पाणी' म्हणता येत नव्हतं, पण सुपरवायझरच्या सात पिढ्यांचा उद्धार अस्खलित येत होता.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली. घरात तिसरं माणूस नणंद. मिस्त्रीची धाकटी बहीण, नवऱ्याला सोडून चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. तिला ऐकू यायचं. लहानपणी भावाशी बोलायला तिनं घरच्याघरी स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या, बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात त्या नव्हेत. भावाबहिणीपलीकडे त्या कुणाला कळत नसत. वहिनी जेवायला बसली की दोघं मुद्दाम त्या खुणांमध्ये शिरतात, असं वहिनीचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं.

दुखणं आलं ते अंगठ्याच्या मुळाशी. सकाळी हात लाकडासारखे व्हायचे, पंधरा-वीस मिनिटांनी सैल पडायचे. मग बरणीचं झाकण उघडेना. किल्ली कुलपात फिरेना. ओला टॉवेल पिळायला घेतला की अंगठ्याच्या बुडात कुणी खिळा ठोकावा तशी कळ निघायची. बोटांच्या शेवटच्या पेरांवर हरभऱ्याएवढ्या टणक गाठी आल्या आणि बोटं टोकाशी वाकडी व्हायला लागली. कारखान्यात कापड ताणून धरायचं ते अंगठ्याच्या जोरावर आणि पिना मारायची बंदूक दाबायची तीही त्याच हातानं. दिवसाला हजारभर पिना. संध्याकाळी घरी येताना ती पिशवी हातात धरायची नाही, कोपरात अडकवायची.

हाडांच्या डॉक्टरनं हातांचा फोटो दिव्यावर लावला. रक्ताच्या तपासण्या साफ होत्या. "झिजेचा संधिवात आहे," तो म्हणाला. "दोन हाडांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते. ती झिजली. आता हाडावर हाड घासतंय."

"मग नवीन गादी घाला."

"तशी घालता येत नाही, बाई."

"मी सव्वीस वर्षं लोकांच्या खुर्च्यांना घालतेय."

डॉक्टर हसला नाही. त्यानं चोळायला मलम दिलं, फार दुखलं तर भरल्या पोटी घ्यायच्या गोळ्या दिल्या आणि फिजिओथेरपीच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथं एक तरुण, बडबडी मुलगी होती. तिनं कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम शिकवले. मग प्लॅस्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ करून तिच्या हातावर दाबून बसवला. गार झाल्यावर त्याचा टणक पट्टा झाला, मनगटापासून अंगठ्याच्या पेरापर्यंत. दुसऱ्या हाताला तसाच दुसरा.

"हे घालून काम करायचं, काकू. अंगठ्याला जितका आराम, तितकं दुखणं कमी."

तिनं हात उचलून सहज खुणेनं 'घर' म्हणून पाहिलं. अंगठे खुंटीसारखे उभेच राहिले.

"ह्यात मला बोलता येत नाही."

"का? तोंडाला कुठं बांधलंय?" मुलगी खदखदून हसली.

तिला सगळं समजावून सांगायचा इतका कंटाळा आला, की तिनं पट्टे काढून पिशवीत कोंबले आणि ती निघाली. पुढचे चार महिने ते कपाटात पडून होते.

त्या चार महिन्यांत घर हळूहळू बिघडलं. तिची मूठ पुरती मिटेना, चिमूट जुळेना. अर्ध्या खुणा ती गाळायला लागली, दोन हातांच्या खुणा एका हातावर भागवायला लागली. तिच्या मते ती दुखणं वाचवत होती. मिस्त्रीला समोर दिसत होती ती तुटक तुटक, तुसड्यासारखं बोलणारी बायको.

"नीट बोल," तो म्हणायचा.

"हात दुखतात."

"सगळ्यांचेच दुखतात." आणि तो करवतीनं कापलेलं, तुटक नखाचं आपलं बोट तिच्या डोळ्यांपुढे नाचवायचा. त्याच्या लेखी हात दुखणं ही कामाला जाणाऱ्या माणसाची रोजची गोष्ट होती, सांगत सुटायची नव्हे. एकदा तो म्हणाला, "तू बोबडी बोलतेस हल्ली. शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोरासारखी." तिनं हातातलं ताट ओट्यावर आपटलं. त्यानं ते ऐकलं नाही म्हणून तिनं ते पुन्हा, त्याच्या समोर, आपटलं.

नणंदेला आयतंच फावलं. कारखान्यातल्या बातम्या, शेजारपाजारच्या भानगडी, टीव्हीवर कोण काय म्हणालं, हे सगळं संध्याकाळी भावाला सांगायचं काम तिनं न मागता अंगावर घेतलं. जिन्यात उभं राहून, वहिनीला ऐकू जाईल अशा बेतानं, ती शेजारणीला म्हणाली, "आमच्या वहिनींना आता दादाशी बोलायचा वीट आलाय."

"वन्सं, मला वीट नाही आलेला. मला संधिवात आहे."

"असेल बाई. पण शेजारणींशी तोंडानं तासभर गप्पा मारता, तेव्हा कुठं जातो तो संधिवात?"

हे मात्र तिला वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. तोंडानं बोलायला काहीच दुखत नव्हतं. आजकाल ती बाहेर जास्त बोलायची आणि घरात कमी.

मग ते जेवण झालं. रविवार दुपार होती. ती मिस्त्रीला सांगत होती, की सोमवारी सुपरवायझर तिला कापड ताणण्यावरून काढून कापायच्या टेबलावर टाकणार आहे, आणि तिला ते नको आहे. सव्वीस वर्षं ती ताणायला होती. तिच्या हातच्या सोफ्याला सुरकुती पडत नाही हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. सांगता सांगता उजवा हात अडकला, बोटं आकड्यासारखी वाकडी राहिली, आणि वाक्य मध्येच लोंबकळलं. मिस्त्रीनं बहिणीकडे पाहिलं. आपली बोटं तशीच वाकडी केली, थरथरवली, आणि तिचं ते अर्धं वाक्य, मोडकंतोडकं, हुबेहूब परत करून दाखवलं. नकलेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हताच. नणंद हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

ती उठली. कपाटातून दोन्ही पट्टे काढले, त्यांचे बंद करकचून आवळले आणि पुन्हा येऊन जेवायला बसली. त्या क्षणापासून अकरा दिवस ती नवऱ्याशी एक अक्षर बोलली नाही.

पट्टे ती फक्त हात धुवायला आणि व्यायामाला काढायची, तेही मोरीचं दार लावून. मिस्त्रीनं पाय आपटले. दिवा चालू-बंद, चालू-बंद केला, एरवी ती त्यावर वळून पाहायची. तिनं पाहिलं नाही. त्यानं कागदावर चार शब्द खरडून पुढे सरकवले. लिहायची त्याला मुळातच नावड, अक्षर मुंगी फिरल्यासारखं. तिनं वाचलं, कागदाची घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

मग तो बहिणीला मधे घालायला लागला. माझा निळा शर्ट कुठाय, विचार तिला. पाण्याचा नळ गळतोय, सांग तिला. ती तोंडानं उत्तर द्यायची, तीन शब्दांत. पाचव्या दिवशी नणंद वैतागली. "मी काय पोस्टमन आहे? तुमचं तुम्ही बघा ना!"

"तुम्हाला हौस होती ना त्यांच्याशी बोलायची? आता बोला पोटभर."

गंमत म्हणजे हात बरे व्हायला लागले होते. अंगठ्याच्या बुडातला खिळा बोथट झाला. आठव्या दिवशी तिनं बरणीचं झाकण स्वतः उघडलं. तिला आनंद झाला आणि लगेच संतापही आला. सव्वीस वर्षं ह्या माणसाशी बोलून बोलून आपण हात झिजवले आणि त्याला आपली नक्कल सुचते, असा हिशेब तिनं मनाशी मांडला. तो हिशेब पुरता खरा नव्हता. हात झिजवले होते पिनांच्या बंदुकीनं, आणि तिच्या आईच्या बोटांनाही अशाच गाठी होत्या. पण रागावलेल्या माणसाला पुरता हिशेब नकोच असतो.

बाराव्या दिवशी सकाळी ती अंघोळ करून आली तर मोरीबाहेरच्या कट्ट्यावर चुकून काढून ठेवलेले पट्टे तिथंच होते, पण दोनाचे चार झालेले. मधोमध, सरळ रेषेत, करवतीनं कापलेले. मिस्त्री दारात उभा होता. "आता बोल," तो म्हणाला.

तिनं चार तुकडे पिशवीत भरले, त्याची बाही धरली आणि त्याला दवाखान्यात ओढत नेलं.

फिजिओवाल्या मुलीनं तुकडे टेबलावर मांडले. "हे कसं झालं, काकू?"

"त्याला विचारा. त्याला ऐकू येत नाही, मी सांगते त्याला." आणि तिनं, अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा, नवऱ्यासमोर हात उचलले आणि प्रश्न जसाच्या तसा केला: हे कसं झालं?

मिस्त्रीनं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "खाली पडले."

"खाली पडले म्हणतोय," ती कोरड्या आवाजात म्हणाली.

मुलीनं एका कापावरून बोट फिरवलं. "पडून इतके सरळ कापले जातात?"

"विचारतेय, पडून इतके सरळ कापले जातात का. सुतार आहेस, सांग तिला."

त्याचे कान लाल झाले.  मुलगी मात्र आता काकूंच्या तोंडाकडे आणि हातांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. 'ह्यात मला बोलता येत नाही' म्हणजे काय, ते तिला चार महिन्यांनी कळलं. तिनं कपाटातून हाताच्या हाडांचा सापळा काढला आणि तो मिस्त्रीच्या हातात दिला. "त्यांना सांगा, अंगठ्याचा सांधा हा असा आहे. बोटांच्या टोकात चिमटीनं किलोभर जोर लावला, तर इथं खाली दहा-बारा किलोचा भार येतो."

तिनं सांगितलं. दोनदा हात अडकला, दोनदा तिनं तो मांडीवर टेकवून पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी मिस्त्रीनं नक्कल केली नाही. तो सापळ्याचा अंगठा फिरवून पाहत होता, खुर्चीचा खिळखिळा पाय तपासावा तसा. सांध्याची भाषा त्याला कुणी शिकवायला नको होती. सापळा खाली ठेवून त्यानं विचारलं, आणि ते तिला तोंडानं मुलीला सांगावं लागलं.

"विचारतोय, बोलतानासुद्धा का."

"बोलतानासुद्धा. पिना मारण्याइतका नाही, पण हो."

ते तिनं त्याला सांगितलं नाही. तिनं नुसती मान हलवली. त्याला ते पुरलं.

नवे पट्टे झाले, अंगठ्याचं टोक मोकळं सोडणारे, जरा मऊ. कामाला आणि चिराचिरीला ते घालायचे, बोलायच्या वेळी काढायचे. मुठीच्या आणि चिमटीच्या खुणा सैल करायच्या, आणि त्या ओळखायचं काम समोरच्यानं करायचं. "आणि बोलताना कोपरं कशावर तरी टेकवा," मुलगी म्हणाली. "भांडतानासुद्धा."

परतताना फुटपाथवर मिस्त्रीनं कमरेपाशी, जेमतेम दिसेल न दिसेल अशी, माफीची खूण केली.

"दिसलं नाही," ती म्हणाली.

त्यानं छातीपाशी केली.

"अजून वर."

त्यानं भर रस्त्यात, येणाजाणाऱ्यांच्या देखत, ती मोठ्ठी करून दाखवली. तिनं पाहिली, आणि "बरं" म्हणून चालू पडली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजही म्हणत नाही. पट्ट्यांचं ती विसरली असती, नकलेचं नाही.

आता ती कापायच्या टेबलावर आहे आणि तिला ते काम आवडत नाही. तिच्या जागी जी बाई कापड ताणते तिच्या सोफ्यांना कोपऱ्यात सुरकुत्या पडतात, आणि ती त्या मोजते. मिस्त्रीनं घरातल्या सुऱ्या, झारे, कात्र्या, सगळ्यांना मनगटाएवढ्या जाड लाकडी मुठी बसवल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. नणंद म्हणते, स्वयंपाकघर आहे की पहिलवानांचा आखाडा. नणंद-भावजयीत बोलणं कामापुरतं.

हात बरे नाहीत. होणारही नाहीत, हे तिला आता माहीत आहे. डॉक्टरनं सांध्यात इंजेक्शन दिलं, त्यानं तीन महिने आराम पडला, मग खिळा पुन्हा टोकदार झाला. आता डॉक्टर ऑपरेशनचं म्हणतो. अंगठ्याच्या मुळातलं एक बारीक हाड काढायचं, दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये. मिस्त्री म्हणतो, करून टाक. ती म्हणते, हात माझा आहे. जेवणं झाली की दोघं टेबलाला समोरासमोर बसतात. कोपरांखाली दोन उशा, तिनंच शिवलेल्या, कारखान्यातल्या उरलेल्या कापडाच्या. घड्याळ पाहून अर्धा तास. परवा मिस्त्री भांडणाच्या भरात उभा राहिला, तेव्हा तिनं टेबल ठोकून त्याला खाली बसवलं. तिला उभ्यानं भांडता येत नाही, आणि मान वर करून ती कुणाचंच ऐकून घेत नाही.