समोरचा संपलेला होता म्हणे

हे बघा गावाकडच्या ग्रुपवाल्यांनो, परत तेच सुरू करू नका. माझ्या धाकट्या भावानं, समाधाननं, बॉक्सिंगमध्ये जिल्ह्याच्या जुन्या चॅम्पियनला हरवलं. तेव्हापासून तुमचं एकच चाललंय, "तो गडी संपलेला होता, म्हणून हा जिंकला."

आज चाकणला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आमचे सलीमभाई मोबाईलवर कुठलीतरी जुनी फाइट बघत होते. मोठा चॅम्पियन एका कोवळ्या पोराचा मार खात होता. मी बोलून गेलो, "ह्यात काय राम नाही. म्हातारा झालता तो."

सलीमभाई हसले. "मग तुझ्या भावाचं काय, राव?"

त्यांनी फाइट थांबवून मोबाईल माझ्यापुढं धरला.

"अरे, ह्या चॅम्पियनला तरी पट्टा कुणाकडून मिळाला? ह्याच्या आधीच्या म्हाताऱ्याकडूनच ना! वय झालं म्हणून कुणी पट्टा वाटत नाही. हाणूनच घ्यावा लागतो."

आता तुम्हीच सांगा. तो गडी ऐन भरात होता तेव्हा आमचा समाधान बालवाडीत होता. तेव्हाच जाऊन हरवायचं होतं का त्याला?

समाधान आता विभागीय स्पर्धेला चाललाय. त्याचे ग्लोव्हज फाटलेत. तुम्ही वाद घालत बसा, मी अडीच हजार पाठवतोय.