वजनकाट्यावरची एक ओळ

कडेगावजवळच्या एका साखर कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. राग माझ्या नाकावर असतो आणि तो उतरेपर्यंत मी बोलून मोकळा झालेलो असतो. नंतर वाईट वाटतं, मग विसरायलाही होतं. मेजरांचं तेवढं विसरता येत नाही.

आमच्याकडे फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच. हे खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले, वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर बसायचे. काट्यावर दिवसभरात कोणी काय केलं, ते सगळं वहीत लिहायचे. "मेजर, मी आज शिंकलो ते राहिलं बघा लिहायचं," अशी मी टिंगल करायचो.

या हंगामात मी सर्व्हरचा नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, बदलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याच्या कॉम्प्युटरला सर्व्हर सापडेना. नंबर टाकला की लगेच उत्तर यायचं, नावानं हाक मारली की गप्प. नावावरून नंबर सांगणारा डीएनएस मी दोनदा तपासला, तो ठणठणीत होता. ऑफिसातले बाकी सगळे कॉम्प्युटर चालत होते. बाहेर उसाचे ट्रॅक्टर पार फाट्यापर्यंत लागलेले, आणि ड्रायव्हर खिडकीशी येऊन ओरडत होते.

मेजर वही घेऊन शेजारी आले. "सायेब, जरा बाजूला येता का? दोन मिंटं."

"बाजूला कशाला? काय उद्योग केलाय तो इथंच सांगा," मी सगळ्यांसमोर कडाडलो. "सगळ्यांचं चालतंय, तुमचंच कसं अडतंय? कायतरी दाबून ठेवलंय आणि आता लपवताय."

ड्रायव्हर हसले. मेजरांनी वही मिटून टेबलावर ठेवली. गोंगाट ऐकून आलेल्या शेती अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथं त्यांना काट्यावरून उठवून गेटवर पहाऱ्याला पाठवलं. मी परत कीबोर्डकडे वळलो.

तासाभरानं घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. कॉम्प्युटरमध्ये होस्ट्स नावाची छोटी फाईल असते. नाव दिलं की तो आधी तिच्यात बघतो, तिथं नंबर मिळाला तर डीएनएसला विचारतच नाही. त्या फाईलमध्ये जुना नंबर होता. गेल्या हंगामात डीएनएस बंद पडला, तेव्हा तात्पुरता म्हणून मीच तो लिहिला होता. मी ओळ पुसली, काटा सुरू झाला. "झालं," एवढंच म्हणालो. मग टेबलावरची वही उघडली. गेल्या हंगामातल्या पानावर खूण घातलेली होती: 'सायबांनी नंबर हातानं लिहिला. सर्व्हर बदलला की काढणे. आठवण करणे.'

चार दिवसांनी मेजरांनी नोकरी सोडली. मी त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात एकटेच होते.

"मेजर, चूक माझी होती."

"ठावं हाय मला."

"मग वही तिथंच का नाही दाखवलीत?"

"सायबाची चूक चारचौघांत काढायची न्हाई, फौजेत तसंच शिकलोय. म्हणून तर बाजूला बोलवत हुतो."

चहा झाला. मी उठलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सायेब, बोल लावला काट्यावर, आन् माफी माज्या अंगणात व्हय?"

हंगाम संपत आलाय. मी रोज काट्यावर जातो. तेच ड्रायव्हर खिडकीशी असतात, एखादा विचारतो, मेजर कुठं गेले म्हणून. मी कॉम्प्युटर चालतोय का तेवढं बघतो आणि परत येतो.